पऱ्हाटीची हवाईतली चुलत बहीण

वऱ्हाडात किंवा खानदेशात वाढलेल्या माणसाला कपाशी ओळखायला शिकवावी लागत नाही. पाती, म्हणजे फुलाची कळी, कशी दिसते, बोंड केव्हा उकलतं, सरकीला रुई किती घट्ट धरून असते, हे सगळं हाताला माहीत असतं. या कपाशीचं एक नातलग झाड पार प्रशांत महासागराच्या मध्यावर, हवाई बेटांपैकी मोलोकाई नावाच्या बेटावर होतं. ‘होतं’ म्हणायचं की ‘आहे’, इथेच गाडी अडते. ते तीनदा संपलं असं लोकांना वाटलं, आणि आज ते जगतंय ते दुसऱ्याच झाडाच्या मुळांवर.

त्याचं शास्त्रीय नाव कोकिआ कुकेई. हवाईयन भाषेत त्याला कोकिओ म्हणतात, हाउ हेलेउला असंही एक नाव आहे. तिथल्या काही रानजास्वंदींनाही कोकिओच म्हणतात, त्यामुळे नुसत्या नावावरून कुठलं झाड ते कळत नाही. आपल्याकडे ‘भेंडी’ म्हटल्यावर भाजी की समुद्रकाठचं झाड, असा प्रश्न पडतो तसंच. आणि ‘कुकेई’मधला कुक म्हणजे जहाजं घेऊन फिरणारा कॅप्टन कुक नव्हे. मोलोकाईवरच्या कुक दाम्पत्याच्या आवारात हे झाड वाचलं होतं, म्हणून ओटो डेगेनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1934 साली त्यांचं नाव या जातीला दिलं.

आधी नातं नीट लावून घेऊ. भाजीची भेंडी, अंबाडी, जास्वंद, कपाशी ही सगळी एकाच कुळातली. यातल्या कुठल्याही फुलाच्या मधोमध पाहिलं तर पुंकेसर सुटे नसतात. ते एकमेकांना जुळून एक नळी झालेली असते आणि त्या नळीतून स्त्रीकेसर बाहेर डोकावतो. जास्वंदीत ही नळी लांबच लांब बाहेर आलेली दिसते, ते या कुळाचं पेटंट. कुळ फार मोठं आहे, म्हणून त्याच्या आत लहान गट पाडलेत. त्यातला एक गट कपाशीचा. कपाशीचे सगळे प्रकार या गटात येतात. कोकणात किनाऱ्याला वाढणारं, बदामी पानांचं आणि पिवळ्या फुलांचं भेंडीचं झाड, ज्याला काही ठिकाणी पारोसा पिंपळ म्हणतात, तेही याच गटात. आणि कोकिआसुद्धा. योगायोग बघा, भेंडीचं झाड हवाईतही आहे. तिथे त्याला मिलो म्हणतात आणि त्याच्या लाकडाचे सुंदर वाडगे करतात.

हा गट ओळखायची खूण अगदी साधी आहे. कपाशीचं पान उन्हाकडे धरलं तर त्यात बारीक काळपट ठिपके दिसतात. सरकी फोडली तर आतल्या गरातही तेच ठिपके. त्या प्रत्येक ठिपक्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य साठवलेलं असतं. किडीला ते विषारी. माणसालाही चालत नाही, म्हणून सरकीचं तेल शुद्ध केल्याशिवाय खात नाहीत. कोंबड्या-डुकरांना सरकी जपून द्यावी लागते. गाई-म्हशी मात्र ढेप खुशाल खातात, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गॉसिपॉलचा जोर बराच मोडतो. ही ढेपेची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे ती फिरून येणार आहे.

कोकिआचं पहिलं नामकरण झालं तेव्हा युरोपातल्या अभ्यासकांनी त्याला सरळ कपाशीच्याच प्रजातीत घातलं होतं. दिसतंच तसं ते. पुढे 1912 साली लूटन नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला वेगळं काढलं आणि ‘कोकिओ’वरूनच ‘कोकिआ’ अशी नवी प्रजाती केली. तिच्यात चार जाती. मोलोकाईवरची कुकेई, हवाई या सर्वांत मोठ्या बेटावरची ड्रायनॅरिऑइडिस, कावाई बेटावरची कावाएन्सिस आणि ओआहूवरची लॅन्सिओलाटा. म्हणजे बेटागणिक एक. लॅन्सिओलाटा केव्हाच नामशेष झाली आणि बाकी तिघीही धोक्यात आहेत. जगात दुसरीकडे कुठेही रानात कोकिआ सापडत नाही.

मग वेगळेपण कशात? कपाशी झुडूप, तर कोकिआ झाड. त्यातही कुकेई बुटकी, साधारण तीन-चार मीटर उंचीची. पान हाताच्या पंजासारखं, पाच-सात टोकांचं, कपाशीच्या पानाचीच आठवण करून देणारं. कोरड्या दिवसांत पानं गाळून उभं राहणारं हे झाड आहे. हवाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सदा ओलं, हिरवंगार रान येतं, त्या चित्रात हे झाड बसत नाही. पण ज्याला सह्याद्री माहीत आहे त्याला हे कोडं लगेच सुटावं. हवाईत वर्षातला बराच काळ वारे ईशान्येकडून येतात. ते डोंगराला आपटतात, वर चढतात आणि त्याच अंगाला पाऊस टाकून मोकळे होतात. पलीकडच्या अंगाला उरतं कोरडं वारं. महाबळेश्वरला पावसाने कहर करावा आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटरवरच्या फलटणला आभाळाकडे बघत बसावं लागावं, तोच प्रकार. मोलोकाईचा पूर्व भाग दीड हजार मीटरपर्यंत उंच आणि ओला. पश्चिम भाग इतका ठेंगणा की ढगांना अडवायची त्याची ऐपत नाही. कोकिआ कुकेई या पश्चिमेकडच्या कोरड्या, पानझडी रानातली.

कपाशीची पाती तीन हिरव्या पानांच्या कोशात बसलेली असते. कोकिआतही तशीच तीन पानं असतात, पण बरीच मोठी, कडेला कातरे नसलेली, आणि फळ धरलं तरी तशीच टिकून राहणारी. त्यातून जे फूल बाहेर येतं ते मात्र कपाशीच्या फिक्या पिवळ्या फुलाच्या जवळपासही जात नाही. नारिंगीकडे झुकणारा लाल रंग, पाकळ्या मोठ्या आणि किंचित पीळ देऊन मागे वळलेल्या, पुंकेसरांची नळी बाहेर झेपावलेली.

हा रंग आणि हा बाक उगाच नाही. लाल रंग मधमाश्यांना नीट दिसत नाही, पक्ष्यांना तो चटकन खुणावतो. आपला पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मैना, बुलबुल, शिंजीर कसे तुटून पडतात ते आठवा. हवाईत हे काम करणारे पक्षी म्हणजे तिथले मधचाखे. फार पूर्वी कधीतरी फिंचसारख्या पक्ष्यांचा एक थवा या बेटांवर येऊन ठेपला आणि त्याच्यापासून पन्नासावर जाती झाल्या. काहींची चोच कोयत्यासारखी वाकडी, बाकदार फुलात नेमकी शिरणारी. पक्षी मध प्यायला चोच घालणार, तेवढ्यात त्याच्या डोक्याला पराग लागणार, आणि पुढच्या झाडावर तो पोहोचवणार. मग 1826च्या सुमाराला जहाजांवरच्या पाण्यातून डास आले. त्याआधी हवाईत डास नव्हते, यावर आपला विश्वास बसणं कठीणच! डासांनी पक्ष्यांचा मलेरिया पसरवला आणि सखल रानातले मधचाखे भराभर मेले. जे उरले ते उंच, थंड डोंगरात, जिथे डास पोहोचत नाही तिथे. कोकिओ मात्र खालच्या रानात, म्हणजे वऱ्हाडी जिवंत पण भटजी नाही अशी गत.

फुलानंतर बोंड. आत पाच कप्पे, आणि कपाशीच्या कप्प्यात सात-आठ सरक्या असतात तिथे कोकिआच्या प्रत्येक कप्प्यात फक्त एक बी. म्हणजे एका बोंडात फार तर पाच. त्या बियांवर लव असते, आखूड, तांबूस तपकिरी. तिचं सूत निघत नाही. इथे थोडं थांबू, कारण ही लव आणि आपली रुई मुळात एकच गोष्ट आहे. रुईचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकेक पेशी. एकच पेशी, ताणत ताणत तीन सेंटिमीटरपर्यंत लांब गेलेली. बोंड पिकलं की ती वाळते, चपटी होते आणि पीळ खाते, त्या पिळामुळे धागे एकमेकांत अडकून सूत होतं. रानकपाशीतल्या बऱ्याच जातींत ही पेशी थोडी वाढून थांबते. माणसाने हजारो वर्षं लांब धाग्याचं बी निवडून पेरलं म्हणून आज कापसाला भाव आहे. कोकिआच्या वाट्याला असा पेरणारा कुणी आला नाही.

त्याचा दुसरा उपयोग मात्र जुन्या हवाईयन लोकांनी बरोबर हेरला होता. साल ठेचली की तांबडा रंग निघतो. त्यात ते मासे धरायची जाळी रंगवत. जाळी ओलोना नावाच्या वनस्पतीच्या धाग्याची असे. सुती जाळी सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करायची रीत आपल्या किनाऱ्यावरही होतीच, त्यामुळे कोळी माणसाला यात नवल वाटायचं नाही. फुलं माळांसाठी. सालीसाठी झाडं सोलली गेल्याने मोठ्या बेटावरच्या जातीला इजा झाली हेही खरं. पण झाडं संपली ती एवढ्याने नव्हे.

संपली कशी, हे सांगण्याआधी ती तिथे पोहोचली कशी हा प्रश्न जास्त मजेचा आहे. हवाई कुठल्याच खंडाचा तुकडा नाही. समुद्राच्या तळाखाली एक तापलेली जागा आहे, तिथून लाव्हा वर येतो आणि बेट तयार होतं. समुद्रतळ हळूहळू वायव्येकडे सरकतो, बेट त्याच्यासोबत पुढे जातं आणि मागे नवं बेट जन्मतं. म्हणून कावाई जुनं, सुमारे 50 लाख वर्षांचं. मोलोकाई त्याच्या निम्म्याहून कमी वयाचं. सर्वांत मोठं हवाई बेट तर अजून वाढतंय. सगळ्यात जवळचा खंडही साडेतीन हजार किलोमीटरहून दूर. इथे जे पोहोचलं ते वाऱ्याने, लाटेने किंवा पक्ष्याच्या पोटातून. पोहोचलं ते एकटं पडलं आणि वेगळं झालं. आज तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी जवळजवळ नव्वद टक्के जाती जगात दुसरीकडे नाहीत.

कोकिआचं सगळ्यात जवळचं नातलग हवाईत किंवा अमेरिकेत असेल असं वाटतं ना? ते आहे पूर्व आफ्रिका आणि मादागास्करमध्ये! गॉसिपिऑइडिस असं त्याचं लांबलचक नाव. पृथ्वीच्या जवळपास अर्ध्या फेऱ्याएवढं अंतर. हे नातं पक्कं कशावरून, तर गुणसूत्रांवरून. कपाशीच्या मूळ संचात 13 गुणसूत्रं. कोकिआ आणि या आफ्रिकी झाडात 12. कपाशीपासून वेगळी झाल्यावर या दोघांच्या समाईक पूर्वजात गुणसूत्रांची मांडणी बदलून एक कमी झालं. 2017 साली ड्रायनॅरिऑइडिसचा पूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की ही दोघं सुमारे 50 लाख वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटली, आणि दोघांचाही जनुकसंच कपाशीपेक्षा लहान झालाय. घर बदलताना जुनं सामान टाकत जावं तसा. कपाशीच्या संशोधकांना कोकिआचं अप्रूप यासाठीच. कपाशीच्या अंगात काय वाढलं आणि काय घटलं हे मोजायचं तर शेजारी एखादं नातलग उभं करावं लागतं.

हवाईत एक अस्सल रानकपाशीही आहे, माओ नावाची. पिवळ्या फुलांची, आखूड तपकिरी धाग्याची. तिच्या पानांवर मधाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे काही किडी तिच्याकडे कमी फिरकतात. हा गुण संकर करून शेतातल्या कपाशीत आणला गेलाय. म्हणजे हवाईतल्या एका बहिणीने आपल्या पिकाला मदत केलीसुद्धा, आणि दुसरी स्वतःच दवाखान्यात.

आता ढेपेची गोष्ट. हवाईत मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच, तोही वटवाघूळ. चरणारं जनावर लाखो वर्षांत नव्हतं. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपीय जहाजांनी शेळ्या, मेंढ्या आणि गुरं आणून सोडली. कोकिआकडे संरक्षण होतं ते गॉसिपॉलचं, म्हणजे किडीसाठीचं. आलेली जनावरं सगळी रवंथ करणारी. जे विष गाईला ढेपेतून पचतं, त्याने शेळी कशी थांबावी? कोवळी रोपं चरली गेली आणि म्हाताऱ्या झाडांच्या खाली नवी पिढी उगवेना. मोलोकाईवर तर 1868 साली चितळ सोडले. होय, आपलेच ठिपक्यांचे चितळ. राजा पाचवा कामेहामेहा याला ते हाँगकाँगहून भेट आले होते. ताडोबात वाघ त्यांचा हिशोब ठेवतो, मोलोकाईवर ठेवणारं कुणी नाही. ते आजही त्या बेटाची डोकेदुखी आहेत. शिवाय बिया खाणारे उंदीर. शिवाय बाहेरून आलेलं गवत, जे वाळलं की पेटतं. मूळ रानाला आगीची सवय नाही, ते जळून जातं, आणि त्या राखेवर पुन्हा तेच गवत आधी उगवतं. हवाईतली सखल कोरडी रानं यात जवळपास सगळी गेली.

कोकिआ कुकेईची नोंद झाली तीच मुळी शेवटच्या घटकेला. 1860च्या दशकात पश्चिम मोलोकाईत माहाना या भागात तीन झाडं दिसली. त्याहून जास्त रानात कधीच कुणी पाहिली नाहीत. 1918पर्यंत जात संपली असं मानलं गेलं. 1930 साली काउलुवाई इथे कुक यांच्या आवारात एक झाड जिवंत सापडलं. त्याने शेकड्यांनी बिया दिल्या, त्यातून 130हून अधिक रोपं झाली, आणि त्यातलं एकही फुलण्याच्या वयापर्यंत पोहोचल्याचं दिसलं नाही. 1950च्या दशकाच्या शेवटी ते झाडही मेलं. पुन्हा ‘संपलं’. 1970 साली त्याच जागी आणखी एक झाड आढळलं, बहुधा त्या जुन्या रोपांपैकीच कुठलंतरी न मोजलेलं. 1978 साली ते आगीत जळालं.

पण जळण्याआधी त्याची एक फांदी कुणीतरी कापून नेली होती.

ओआहू बेटावरच्या वाइमेआ वनस्पती उद्यानात त्या फांदीचं कलम कावाएन्सिस या बहिणीच्या खुंटावर बांधलं गेलं. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात, नेमकं तेच. खुंट आणि काडी यांच्या सालीखालचे जिवंत थर एकमेकांना भिडले की पाण्याच्या वाटा जुळतात. मुळं एकाची आणि शेंडा दुसऱ्याचा असं झाड उभं राहतं. शेंड्यावर येणारी पानं-फुलं काडीच्याच गुणाची, खुंट फक्त पाणी आणि क्षार पुरवतो. पुढच्याच वर्षी, 1979मध्ये, अमेरिकी सरकारने ही जात धोक्यातल्या यादीत घातली. नंतर बरीच वर्षं जगभरात मिळून जेमतेम 23 कलमं, एवढाच तिचा पसारा होता.

एक घोळ इथे राहतोच. कलम म्हणजे नवं झाड नव्हे, त्याच झाडाचा तुकडा. कोकणातला हापूस घ्या, लाखो झाडं, पण सगळी कलमाने एकाच गुणाची. म्हणून एक रोग आला की सगळ्या बागेला सारखाच भोवतो. तरी हापूसच्या मागे बागायतदार आहे, फवारणी आहे, बाजार आहे. कोकिआ कुकेईच्या दोन कलमांत पराग इकडून तिकडे नेला तरी तो स्वतःलाच दिल्यासारखा. वेगळं रक्त आणायचं कुठून? बहिणींशी संकर होऊ शकेल, पण मग जे होईल ते कुकेई उरणार नाही. म्हणून प्रयोगशाळेत उती संवर्धनाने, स्वतःच्या मुळांवरची रोपं करण्याची खटपट चालत आली आहे. रानात ती पुन्हा लावायची तर आधी कुंपण हवं, तेही चितळाला उडी मारता येणार नाही इतकं उंच.

आणि खुंटाचं विसरून चालत नाही. कावाएन्सिस ही स्वतः धोक्यातली जात. एक आजारी बहीण दुसरीला खांद्यावर घेऊन उभी आहे. ज्यांनी आंब्याची कलमं सांभाळलीत त्यांना माहीत असेल, जोडाच्या खाली खुंटाला फुटवे येतात. ते जोमाने वाढतात आणि दुर्लक्ष झालं तर वरची काडी वाळते. आंब्याच्या बागेत तो फुटवा आपण बिनदिक्कत खुडतो. इथे तो फुटवाही जगातल्या दुर्मीळ झाडांपैकीच एकाचा, आणि तरी माळ्याला तो दर वेळी खुडावाच लागतो.